लेखिका कोणाला म्हणायचे : 'काली फॉर विमेन' आणि 'जुबान' यांची वाटचाल

स्त्रियांनी लिहिलेली आणि स्त्रियांच्या जगण्याविषयीची पुस्तके काढायची, एवढाच उद्देश समोर ठेवून भारतात स्थापन झालेली पहिली प्रकाशनसंस्था म्हणून 'काली फॉर विमेन'चे नाव घेतले जाते. उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी ती १९८४ मध्ये दिल्लीत सुरू केली, एकोणीस वर्षे एकत्र चालवली आणि २००३ मध्ये तिच्यातून 'जुबान' व 'विमेन अनलिमिटेड' या दोन स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. प्रकाशनसंस्थेचा इतिहास बहुधा तिच्या गाजलेल्या पुस्तकांच्या यादीतून सांगितला जातो आणि या संस्थेकडे तशी यादी आहेही. परंतु तिचे खरे मोल ठरवायचे असेल तर ज्यांना लेखिका म्हणावे असे त्यांच्या भोवतालच्या कोणालाच वाटले नव्हते, त्या स्त्रियांची नावे तिने पुस्तकावर कशी आणली आणि त्यासाठी आपल्या धंद्याच्या कोणत्या रीती बाजूला ठेवल्या, हे पाहावे लागते.

संस्थेचा जन्म समजून घेण्यासाठी त्याआधीच्या दहा वर्षांकडे पाहणे आवश्यक आहे. भारतातील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या केंद्रीय समितीचा 'टुवर्ड्स इक्वालिटी' हा अहवाल १९७४ च्या अखेरीस सादर झाला आणि स्वातंत्र्यानंतर पाव शतक उलटूनही स्त्रियांचे आयुष्य अनेक अंगांनी मागेच राहिले आहे, हे सरकारी कागदावर प्रथमच इतक्या स्पष्टपणे आले. पाठोपाठ मथुरा खटला झाला. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रामुळे देशभर असंतोष उसळला, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि अखेर १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती करावी लागली. मोर्चे, पथनाट्ये, पोस्टर आणि पत्रके यांतून वाढलेल्या या चळवळीकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते, मात्र ते टिकाऊ स्वरूपात छापणारे कोणी नव्हते. स्त्रियांच्या प्रश्नांवरील पुस्तके महाविद्यालयांत लागत, तीही बहुतेक पाश्चात्त्य अभ्यासकांची असत.

परदेशात याला उत्तर शोधले गेले होते. अमेरिकेत १९७० साली 'फेमिनिस्ट प्रेस' आणि लंडनमध्ये १९७३ साली 'विरागो' या संस्था निघाल्या होत्या. बुटालिया यांनी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या दिल्ली कार्यालयात आणि नंतर लंडनच्या 'झेड बुक्स' या तिसऱ्या जगाविषयीची पुस्तके काढणाऱ्या संस्थेत काम केले होते, तर मेनन यांनाही प्रकाशनव्यवसायाचा चांगला अनुभव होता. पुस्तक कसे संपादित होते, छपाईचा हिशेब कसा बसतो, हक्क कसे विकले जातात हे दोघींना आतून माहीत होते. त्यामुळे 'काली' चळवळीतून जन्मली असली तरी कार्यकर्त्यांच्या हौसेवर चालणारे मंडळ तिला कधी व्हायचे नव्हते. सुरुवात एका घराच्या गॅरेजमध्ये झाली. भांडवल नावापुरते होते.

छोट्या प्रकाशकाची अडचण वाचकांना सहसा ठाऊक नसते, म्हणून ती येथे नोंदवणे योग्य होईल. कागद, जुळणी, छपाई आणि बांधणी यांचे पैसे आधी मोजावे लागतात, वितरक व विक्रेते किमतीतला मोठा हिस्सा कमिशन म्हणून घेतात, उरलेली रक्कम कित्येक महिन्यांनी येते आणि न खपलेल्या प्रती परत येऊन पडतात त्या वेगळ्याच. नव्या लेखकाच्या बाबतीत ही जोखीम दुप्पट होते, कारण त्याचे नाव पाहून कोणी पुस्तक उचलत नाही. 'काली'ने यावर दोन मार्ग काढले. एक म्हणजे इतर संस्थांसाठी संपादन आणि निर्मितीची कामे करून त्या मिळकतीवर स्वतःची पुस्तके काढायची. दुसरा सहप्रकाशनाचा : एकाच पुस्तकाचे वेगवेगळ्या देशांतील हक्क वेगवेगळ्या प्रकाशकांना देऊन निर्मितीचा भार वाटून घ्यायचा. भारतात तयार झालेले पुस्तक आधी भारतात निघावे आणि मग त्याचे हक्क परदेशी जावेत, हा क्रम त्या काळी नवा होता. तोवर भारतीय अभ्यासकाला मान्यता हवी असेल तर हस्तलिखित लंडन-न्यूयॉर्कला पाठवावे लागे आणि ते पुस्तक परदेशी किमतीत येथे विकत घ्यावे लागे.

हा क्रम उलटा करून दाखवणारी पुस्तके लवकरच आली. वंदना शिवा यांचे 'स्टेइंग अलाइव्ह' १९८८ मध्ये आणि कुमकुम संगारी व सुदेश वैद यांनी संपादित केलेले 'रिकास्टिंग विमेन' १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. वसाहतकाळातील समाजसुधारणांकडे स्त्रियांच्या बाजूने पाहणारे हे दुसरे पुस्तक तर इतिहासाच्या अभ्यासक्रमांत आजही अटळ मानले जाते. एकोणिसाव्या शतकात 'आदर्श भारतीय स्त्री'ची जी प्रतिमा रचली गेली, तिच्यातून दासी, शेतकरी आणि कष्टकरी स्त्री कशी वगळली गेली, हे त्यातील उमा चक्रवर्ती यांच्या लेखाने दाखवून दिले. राधा कुमार यांचा 'द हिस्टरी ऑफ डुइंग' हा स्त्री-चळवळीचा सचित्र इतिहास १९९३ मध्ये निघाला. कमला भसीन यांच्यासह रितू मेनन यांनी लिहिलेले, फाळणीत पळवल्या गेलेल्या आणि नंतर 'परत मिळवलेल्या' स्त्रियांच्या हकिगती सांगणारे 'बॉर्डर्स अँड बाउंडरीज' हे पुस्तक १९९८ चे. मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे असे उमा चक्रवर्ती यांचे पंडिता रमाबाईंवरील 'रिरायटिंग हिस्टरी' हे पुस्तकही त्याच वर्षी 'काली'नेच काढले. रमाबाईंच्या चरित्राच्या निमित्ताने पेशवाईपासूनच्या ब्राह्मणी पितृसत्तेची, म्हणजे जात आणि स्त्रीवरील नियंत्रण यांच्या एकमेकांत गुंतलेल्या व्यवस्थेची, इतकी सविस्तर मांडणी करणारे पुस्तक दिल्लीतील एका छोट्या संस्थेने काढले, याची दखल महाराष्ट्रात जेवढी घेतली जायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही.

तरीही 'काली'चे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक कोणते, या प्रश्नाचे उत्तर या विद्वत्तापूर्ण ग्रंथांत सापडत नाही. ते १९८९ मध्ये निघालेल्या 'शरीर की जानकारी' या हिंदी पुस्तकात आहे. राजस्थानात १९८४ पासून महिला विकास कार्यक्रम चालू होता आणि त्यात 'साथिन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्या काम करत असत. पुढे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये जी 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांच्या मुळाशी याच कार्यक्रमातील एका साथिनीवर झालेला अत्याचार होता. या कार्यक्रमाच्या आरोग्य शिबिरांत पाळी, गर्भधारणा, बाळंतपण, आजार या विषयांवर बायका बोलू लागल्या आणि त्या बोलण्यातून, त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांतून पंच्याहत्तर स्त्रियांनी मिळून एक पुस्तक तयार केले. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते किंवा नुकतेच येऊ लागले होते.

या पुस्तकाची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. पहिल्या आराखड्यात शरीराची रचना समजावण्यासाठी उघड्या शरीराची चित्रे काढली होती. तो आराखडा गावांत दाखवला, तेव्हा बायकांनी ही चित्रे खोटी आहेत असे सांगितले, कारण गावात अशी उघडी बाई कोणाला कधी दिसतच नाही. शहरी संपादकाने यावर दोनपैकी एक केले असते : चित्रे गाळली असती किंवा बायकांना संकोच सोडण्याचा उपदेश केला असता. त्या स्त्रियांनी तिसरीच युक्ती शोधली. घागरा आणि ओढणी ल्यालेली बाई चित्रात काढायची आणि त्या वस्त्राच्या जागी कागदाची उघडझाप होणारी पाकळी लावायची. पाकळी उचलली की आतील अवयव दिसतात आणि खाली सोडली की चित्रातली बाई पुन्हा गावातली होते. ज्ञान आणि मर्यादा यांचा मेळ घालणारी ही कल्पना कोणत्याही चित्रकाराला वा आरोग्यतज्ज्ञाला सुचली नव्हती, ती ज्यांच्यासाठी पुस्तक होते त्यांनाच सुचली.

हस्तलिखित 'काली'कडे आले ते अटींसह आले. पुस्तकावर सर्व पंच्याहत्तर जणींची नावे असली पाहिजेत आणि गावातल्या बायकांना ते निर्मितीखर्चापेक्षा जास्त किमतीला विकता कामा नये. कोणत्याही प्रकाशकाला अवघड वाटाव्यात अशा या अटी आहेत, कारण पहिली अट लेखक म्हणजे एक व्यक्ती या समजुतीला छेद देते आणि दुसरी नफ्याचे गणितच मोडते. 'काली'ने दोन्ही मान्य केल्या. पुस्तकाची विक्री दुकानांतून होण्याऐवजी शिबिरे, संघटना आणि स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत गावोगाव झाली, छपाईआधीच मोठी मागणी नोंदवली गेली आणि पुढे हजारो प्रती गेल्या. विशेष हे की समीक्षा नाही, जाहिरात नाही, दुकानाच्या दर्शनी फळीवर जागा नाही, अशा स्थितीत हे घडले. नव्या वाचकाला पुस्तक परवडत नाही आणि कळत नाही, ही प्रकाशकांची नेहमीची तक्रार पुस्तक त्याचे स्वतःचे असेल तर टिकत नाही, हे या एका प्रकाशनाने सिद्ध केले.

ललित साहित्याच्या भाषांतराच्या बाबतीतही 'काली'ने भक्कम काम केले. भारतीय भाषांतील लेखिकांच्या कथांचे 'ट्रूथ टेल्स' हे संकलन १९८६ मध्ये आले. इस्मत चुगताई यांच्या कथांचा 'द क्विल्ट अँड अदर स्टोरीज' हा इंग्रजी संग्रह १९९० मध्ये आणि कुर्रतुलऐन हैदर यांनी आपल्या 'आग का दरिया' या उर्दू कादंबरीची स्वतः केलेली इंग्रजी पुनर्रचना 'रिव्हर ऑफ फायर' या नावाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली.

दोन्ही संस्थापिकांनी २००३ मध्ये आपापल्या वाटा वेगळ्या केल्या. मेनन यांनी 'विमेन अनलिमिटेड' आणि बुटालिया यांनी 'जुबान' सुरू केली आणि दोन्ही संस्था 'काली'चा वारसा उघडपणे सांगत राहिल्या. यापुढील विवेचन 'जुबान'पुरते आहे, कारण प्रथमच लिहिणाऱ्या आणि साहित्याच्या नकाशावर जागा नसलेल्या लेखिकांवर तिने अधिक भर दिला.

या भराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बेबी हालदार. लहानपणीच आई घर सोडून गेली, बाराव्या वर्षी लग्न झाले, तेराव्या वर्षी मूल झाले आणि मारहाणीला कंटाळून पंचविशीत तीन मुलांना घेऊन ही बंगाली स्त्री दिल्लीला आली व गुडगावात घरकाम करू लागली. ज्यांच्या घरी ती काम करत होती ते मानववंशशास्त्रज्ञ आणि प्रेमचंदांचे नातू प्रबोध कुमार यांनी पुस्तकांची धूळ झटकताना तिचे हात रेंगाळतात हे पाहिले, तिला तस्लिमा नसरीन यांचे 'आमार मेयेबेला' वाचायला दिले आणि मग वही-पेन देऊन स्वतःविषयी लिहायला सांगितले. दिवसाचे काम आटोपून, मुले झोपल्यावर तिने बंगालीत लिहिले. प्रबोध कुमार यांनी केलेले हिंदी भाषांतर 'आलो आँधारी' या नावाने २००२ मध्ये एका छोट्या प्रकाशनाने काढले आणि बुटालिया यांनी स्वतः केलेले इंग्रजी भाषांतर 'अ लाइफ लेस ऑर्डिनरी' या नावाने 'जुबान'ने पेंग्विनच्या सहकार्याने २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर ते अनेक देशी-परदेशी भाषांत गेले.

या पुस्तकाच्या यशाचे श्रेय कोणाला, अशी चर्चा झाली आणि मालकाच्या प्रोत्साहनाची गोष्ट लेखिकेच्या लेखनापेक्षा मोठी केली गेली. ही अन्यायाची वाटणी आहे. हालदार यांचे गद्य कोरडे वाटावे इतके संयत आहे, ती काही प्रसंगांत 'मी' सोडून स्वतःकडे 'बेबी' म्हणून तिऱ्हाइतासारखी पाहते, आणि हे कसब तिला कोणी शिकवलेले नव्हते. प्रकाशकाचे कौशल्य हे की दुःखाच्या जागी भाषांतर भडक होऊ दिले नाही.

मराठीशी 'जुबान'चा संबंध याच वर्षी, २००६ मध्ये, ठसठशीतपणे प्रस्थापित झाला. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातील प्राध्यापक शर्मिला रेगे यांचे 'रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर' हे पुस्तक तिने काढले. शांताबाई दाणी, मुक्ता सर्वगोड, बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, उर्मिला पवार, जनाबाई गिऱ्हे आणि विमल मोरे यांच्या मराठी आत्मकथनांतील उतारे इंग्रजीत आणून त्यांचा विचार 'टेस्टिमोनिओ' म्हणून करावा, असे रेगे यांनी मांडले. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या या संज्ञेचा अर्थ, बोलणारी व्यक्ती स्वतःपुरती बोलत नसून आपल्या समूहाच्या वतीने साक्ष देते, असा आहे. दलित आत्मकथनाची चर्चा महाराष्ट्रात 'बलुतं' आणि 'उपरा' या पुरुषांच्या आत्मकथनांभोवती फिरत असताना स्त्रियांच्या आत्मकथनांना त्यांच्या तळटिपेत ठेवले जाई. रेगे यांच्या पुस्तकाने त्यांना अभ्यासाच्या मध्यभागी आणले.

त्यानंतर २००८ मध्ये 'वी ऑल्सो मेड हिस्टरी' आले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा शोध घेऊन, हयात असलेल्या कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेऊन लिहिलेल्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकाचे हे वंदना सोनाळकर यांनी केलेले भाषांतर आहे. मूळ मराठी पुस्तक १९८९ मध्ये 'स्त्री उवाच' या मुंबईतील स्त्रीवादी गटाने काढले होते. 'शरीर की जानकारी' आणि 'आम्हीही इतिहास घडवला' ही दोन्ही पुस्तके एकाच वर्षी, एक दिल्लीतून हिंदीत आणि एक मुंबईतून मराठीत निघावीत, यावरून ज्यांना इतिहासाने लेखणी दिली नाही त्यांना प्रकाशक म्हणून साथ देण्याचा विचार तेव्हा दोन्ही ठिकाणी किती पक्व झाला होता हे ध्यानात येते.

ईशान्य भारताकडे 'जुबान'ने दिलेले लक्ष हा तिच्या इतिहासाचा आणखी एक समृद्ध भाग आहे. सशस्त्र संघर्षाच्या छायेत वाढलेल्या नागालँडमधील सामान्य माणसांच्या कथा सांगणारा तेमसुला आओ यांचा 'दीज हिल्स कॉल्ड होम' हा संग्रह २००६ मध्ये, तर ईस्टरीन किरे यांची 'अ टेरिबल मॅट्रिआर्की' ही कादंबरी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. किरे यांच्या 'व्हेन द रिव्हर स्लीप्स' (२०१४) या कादंबरीला 'द हिंदू' साहित्य पुरस्कार मिळाला. अनुभवी लेखिकांवर न थांबता संस्थेने राज्यवार संकलने हाती घेतली आणि नागालँड व मणिपूर यांवरील संग्रह २०१९ मध्ये, अरुणाचल प्रदेशावरील ममांग दाई यांनी संपादित केलेला संग्रह २०२१ मध्ये काढला. अशा संकलनांत एखाद-दुसरी कथा लिहिलेली तरुणी, चित्रकार, मौखिक परंपरेतील गाणी उतरवून घेणारी अभ्यासक अशा अनेकींना प्रथमच जागा मिळते, आणि स्वतंत्र पुस्तकापर्यंत पोचण्याची ती पहिली पायरी ठरते.

संस्थेच्या निर्भयपणाची कसोटी पाहणारे पुस्तक २०१६ मध्ये आले. काश्मीरमधील कुनन आणि पोशपोरा या गावांत फेब्रुवारी १९९१ मधील एका रात्री लष्करी शोधमोहिमेदरम्यान सामूहिक बलात्कार झाल्याच्या गावकऱ्यांच्या आरोपाचा पाठपुरावा करणारे 'डू यू रिमेंबर कुनन पोशपोरा?' हे पुस्तक पाच तरुण काश्मिरी स्त्रियांनी मिळून लिहिले होते. दक्षिण आशियातील लैंगिक हिंसा आणि 'दंडमुक्ती', म्हणजे गुन्हा करूनही शिक्षा न होण्याची व्यवस्था, या विषयावरील ग्रंथमालेत ते निघाले. इतक्या वादग्रस्त विषयावर पहिल्यांदाच लिहिणाऱ्या पाच जणींचे पुस्तक स्वीकारणे हा मोठा निर्णय होता, आणि स्वतंत्र प्रकाशक हवा असतो तो अशाच निर्णयांसाठी.

या कामाची एक मर्यादा मात्र स्पष्टपणे मांडली पाहिजे. 'शरीर की जानकारी'सारखे अपवाद आणि हिंदीतील काही प्रयत्न सोडले तर 'काली' आणि 'जुबान' यांचा मुख्य व्यवहार इंग्रजीत राहिला. बेबी हालदार यांनी बंगालीत, शांताबाई कांबळे यांनी मराठीत लिहिले आणि त्यांची देशभर चर्चा इंग्रजी भाषांतरानंतर सुरू झाली, ही स्थिती दिल्लीच्या एका संस्थेने निर्माण केलेली नाही, तिने फक्त त्या स्थितीत राहून काम केले. पण त्यामुळे मराठीतील पुस्तक नागपूर किंवा कोल्हापूरच्या वाचकापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मराठी प्रकाशकांवर आणि ग्रंथालयांवरच राहते.

बुटालिया आणि मेनन यांना २०११ मध्ये भारत सरकारने पद्मश्री देऊन एकत्रितपणे गौरवले आणि २०१७ मध्ये बुटालिया यांना जर्मनीचे गोएथे पदक मिळाले. सन्मान योग्यच होते, तथापि प्रकाशनसंस्था सन्मानांवर चालत नाही, विकत घेतल्या जाणाऱ्या प्रतींवर चालते. तेव्हा महाविद्यालयांच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयांनी आपल्या पुढील खरेदीत 'आम्हीही इतिहास घडवला' आणि वर उल्लेखलेल्या लेखिकांची 'जिणं आमुचं', 'माज्या जल्माची चित्तरकथा' व 'आयदान' ही आत्मकथने, या मराठी पुस्तकांची मागणी आवर्जून नोंदवावी, त्यांच्या शेजारी रेगे आणि चक्रवर्ती यांचे ग्रंथ ठेवावेत आणि जे पुस्तक बाजारात मिळत नसेल त्याच्या नव्या आवृत्तीसाठी प्रकाशकाला पत्र लिहावे.